वेब्लीची ओळख : जुन्या लष्करी पिस्तुलाचा इतिहास कसा शोधावा

जुने लष्करी पिस्तूल हाती आले की दोन प्रश्न उभे राहतात : ही वस्तू नेमकी कोणती, आणि ती कोणाच्या कमरेला होती? पहिल्याचे उत्तर पिस्तुलाच्या धातूवरच कोरलेले असते आणि थोडा धीर धरला तर ते वाचता येते. दुसऱ्याचे उत्तर धातूवर क्वचितच असते, त्यासाठी कागद शोधावे लागतात. नवख्या माणसाची गफलत होते ती बहुधा येथेच, कारण घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकिगत तो आधी खरी मानतो आणि मग पिस्तुलावरच्या खुणा तिच्याशी जुळवायला बसतो. हा क्रम उलटा असायला हवा.

उदाहरणासाठी मी वेब्ली घेतले आहे. महाराष्ट्रातल्या फौजी घराण्यांत निघणारे जुने हत्यार ब्रिटिश-भारतीय सैन्यातले असण्याचा संभव मोठा असतो, आणि त्या सैन्यातल्या अधिकाऱ्यांचे हत्यार म्हणजे मुख्यतः बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर. फिरत्या चक्राच्या अशा हत्याराला आपण रिव्हॉल्व्हर म्हणतो, तरी ब्रिटिश सैन्याच्या दफ्तरात त्याची नोंद ‘पिस्तूल’ म्हणूनच होत असे. कागद शोधताना हे ध्यानात ठेवावे, नाहीतर यादीत समोर असलेली नोंदही नजरेतून सुटते.

हात लावण्यापूर्वी

शंभर वर्षे ट्रंकेत पडलेले पिस्तूलही भरलेले असू शकते. वेब्लीची रचना अशी की, डाव्या बाजूची खिट्टी अंगठ्याने दाबली असता नळी पुढे झुकते, हत्यार मधोमध उघडते आणि चांदणीच्या आकाराचा निष्कासक सहाही काडतुसे एकदम वर उचलतो. हे वाचून सोपे वाटेल, पण गंजलेल्या हत्यारावर हा प्रयोग स्वतः करू नये. नळी कोणाकडेही रोखू नये, चापाजवळ बोट नेऊ नये आणि हत्यार रिकामे करण्याचे काम परवानाधारक शस्त्रविक्रेत्यावर किंवा पोलिसांच्या शस्त्रागारातल्या जाणकारावर सोपवावे. सोबत जुनी काडतुसे निघाली तर त्यांनाही हाच नियम लागू होतो. ती ठोकून, घासून किंवा उन्हात वाळवून पाहू नयेत.

यानंतर कायदा. भारतात बंदुकीच्या जातीचे कोणतेही हत्यार बाळगायचे तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ प्रमाणे परवाना लागतो, आणि ‘ते जुने आहे’ एवढे कारण पुरत नाही. कलम ४५ मध्ये कालबाह्य नमुन्याच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडकळीला आलेल्या हत्यारांना सवलत आहे, पण ते हत्यार दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसावे, अशी त्या सवलतीला अट आहे. ही अट लोक विसरतात. १९१६ सालचे वेब्ली तेलपाणी केल्यावर चालू शकते, म्हणून ते दिवाणखान्यात लावलेल्या तलवारीच्या पंक्तीत बसत नाही. हत्यार या सवलतीत बसते की नाही हे आपण ठरवायचे नसते, तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने ठरवायचे असते. जिल्ह्यात तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो आणि पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे.

घरात परवान्याची पुस्तिका असेल आणि परवानाधारक वारले असतील, तर वारसाने हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पोच घ्यावी आणि वारसाहक्काने परवाना मिळण्यासाठी अर्ज करावा. २०१६ च्या शस्त्र नियमांत अशा वारसांसाठी तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच हत्यारे ठेवता येतात, हेही लक्षात असू द्यावे. कागदपत्र काहीच नसेल तर आधी वकिलाचा सल्ला घ्यावा आणि मग हत्यार कुठे, कधी, कोणासमोर सापडले हे लेखी देऊन ते जमा करावे. शेजाऱ्याला दाखवणे, मोबाइलवर छायाचित्रे फिरवणे, ‘किंमत काय येईल’ असे विचारत हिंडणे हे उद्योग त्याआधी करू नयेत. हत्यार विक्रेत्याकडे जमा असले तरी त्याच्या परवानगीने तिथेच बसून निरीक्षण करता येते, आणि संशोधनाचे बहुतेक काम तेवढ्यावर भागते.

साफसफाईबद्दलही इथेच सांगतो, कारण तिचा कायद्याशी थेट संबंध आहे. पितळेची भांडी चिंच आणि राख लावून लख्ख करण्याची आपली सवय इथे घातक ठरते. पॉलिश कागदाने घासलेल्या पिस्तुलावरच्या उथळ खुणा कायमच्या जातात, आणि अनुक्रमांक गेला तर प्रकरण गंभीर होते, कारण हत्यारावरचे ओळखचिन्ह पुसणे वा बदलणे हा कलम ८ खाली गुन्हा आहे आणि असे हत्यार ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ते केले असे उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते.

आधी टिपण, मग तर्क

निरीक्षणाला बसताना वही, फूटपट्टी, भिंग आणि छोटी विजेरी एवढे जवळ असावे. विजेरीचा झोत समोरून न टाकता अगदी तिरका, पृष्ठभागाला घासून जाईल असा टाकला की झिजलेली अक्षरे सावलीमुळे उठून दिसतात. दोन्ही बाजू, नळीचा माथा, चक्राचा मागचा चेहरा, मुठीची पाठ आणि बूड यांची छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येक खूण जशी दिसते तशीच वहीत काढावी, तिचा अर्थ लावू नये. अर्धवट दिसणारे अक्षर अर्धवटच काढावे. आज ज्याला आपण ओरखडा समजतो ती उद्या निरीक्षकाची मोहर निघते, आणि आज वाचलेला ‘आठ’ उद्या ‘तीन’ निघतो.

मापे कमी लागतात पण अचूक लागतात : नळीची लांबी, एकूण लांबी आणि चक्रातल्या छिद्रांची संख्या. नळीचा आतला व्यास मोजण्याची खटपट घरी करू नये.

नमुना कोणता?

ब्रिटिश सैन्याने वेब्लीचा पहिला नमुना, म्हणजे मार्क एक, १८८७ साली स्वीकारला. मार्क चार १८९९ सालचा असून दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धामुळे त्याला त्या युद्धाचेच नाव चिकटले. मार्क पाच डिसेंबर १९१३ मध्ये आला आणि मार्क सहा २४ मे १९१५ रोजी, म्हणजे पहिले महायुद्ध भरात असताना, मंजूर झाला. या सर्वांची गोळी .४५५ इंच मापाची होती.

हे सहा नमुने ओळखताना नवखा माणूस पहिल्यांदा नळी मोजतो. मार्क एक ते पाचची नेहमीची नळी चार इंची आणि मार्क सहाची सहा इंची असल्यामुळे ही खूण सोयीची वाटते खरी, पण ती फसवी आहे, कारण जुन्या नमुन्यांवर पुढे लांब नळ्या बसवल्या गेल्या. मुठीचा आकार अधिक विश्वासाचा. मार्क एक ते पाचची मूठ पक्ष्याच्या चोचीसारखी खाली वळून गोलसर होते, तर मार्क सहाची मूठ खाली रुंद होत जाऊन चौकोनी बुडाशी संपते. मार्क सहाची एकूण लांबी सुमारे २८६ मिलिमीटर आणि वजन एक किलोहून थोडे अधिक असते. हातात घेतल्यावर ‘हे चालवायला मनगट हवे’ असे वाटले तर ते बहुधा हेच.

याहून लहान, हलके, पण दिसायला त्याच घराण्यातले वाटणारे हत्यार समोर असेल तर ते एन्फिल्ड क्रमांक दोन असण्याचा संभव आहे. हे १९३२ मध्ये स्वीकारले गेले. त्याची गोळी .३८ मापाची, नळी पाच इंची आणि एकूण लांबी सुमारे २६० मिलिमीटर. १९३८ नंतरच्या ‘मार्क एक तारांकित’ प्रकारात मागच्या घोड्याला अंगठ्याने ओढण्याचे टोकच ठेवलेले नाही. रणगाड्याच्या अडचणीच्या जागेत ते टोक कुठेतरी अडकू नये म्हणून ते काढले, असे स्पष्टीकरण त्यासाठी दिले जाते. आधीची बरीच हत्यारेही दुरुस्तीच्या वेळी याच पद्धतीने बदलली गेली, त्यामुळे घोड्याच्या आकारावरून वर्ष ठरवता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात वेब्लीनेही .३८ मापाचा आपला मार्क चार सैन्याला पुरवला. हा मार्क चार आणि १८९९ चा .४५५ मापाचा मार्क चार यांचे नाव एकच असले तरी हत्यारे वेगळी आहेत. ‘वॉर फिनिश’ असे शब्द कोरलेले दिसले तर हत्यार दुसऱ्या महायुद्धातले. घाईच्या काळात वरचे काम खडबडीत ठेवले आहे, याची ती जणू कबुलीच.

एका साम्याने आपल्याकडे हमखास फसगत होते. भारतीय आयुध निर्माणीचे .३२ मापाचे रिव्हॉल्व्हर याच वेब्ली मार्क चारच्या धर्तीवर बेतलेले असून तेही तसेच मधोमध उघडते. आजोबांचे ‘महायुद्धातले वेब्ली’ म्हणून जपलेले हत्यार स्वातंत्र्यानंतर परवान्यावर विकत घेतलेले देशी रिव्हॉल्व्हर निघू शकते. त्यात अपमानास्पद काही नाही, मात्र त्याचा इतिहास मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) आघाडीवर न शोधता परवान्याच्या पुस्तिकेत शोधायचा असतो.

खुणा वाचताना

हा भाग सावकाश करावा. पहिली खूण निर्मात्याच्या नावाची. बर्मिंगहॅमच्या पी. वेब्ली अँड सन या घराण्याचे १८९७ मध्ये स्कॉट आणि एलिस या दोन व्यवसायांशी एकत्रीकरण झाले आणि वेब्ली अँड स्कॉट रिव्हॉल्व्हर अँड आर्म्स कंपनी अस्तित्वात आली. १९०६ मध्ये तिचे नाव नुसते वेब्ली अँड स्कॉट लिमिटेड झाले. त्यामुळे ‘पी. वेब्ली अँड सन’ असे पूर्ण नाव असेल तर पिस्तूल साधारणतः १८९७ पूर्वीचे ठरते. मार्क सहाच्या चौकटीवर, म्हणजे नळी, चक्र आणि मूठ यांना जोडणाऱ्या सांगाड्यावर, डाव्या बाजूला वेब्लीचे नाव, नमुन्याचा रोमन आकडा आणि वर्ष असते. मार्क सहा १९२१ ते १९२६ या काळात एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यातही तयार झाला. त्यावर राजमुकुट, एन्फिल्ड हे नाव आणि वर्ष आढळते, आणि निरीक्षकाच्या छोट्या मोहरेत मुकुट, आकडा व खाली रोमन ‘ई’ असते.

दुसरी खूण सरकारी मालकीची. कावळ्याच्या पायाच्या ठशासारख्या तीन रेघा एका टोकाला मिळालेल्या दिसतात, तो ब्रिटिश सरकारचा रुंद बाण. त्याच्याखाली रोमन ‘आय’ असेल तर हत्यार भारतीय सैन्याच्या मालकीचे. आपल्या दृष्टीने पिस्तुलावरची सर्वांत बोलकी खूण हीच. दोन बाण टोकाला टोक लावून एकमेकांसमोर उभे असतील, तर सरकारने ते हत्यार सेवेतून काढून विकल्याची ती निशाणी होय. हा समोरासमोरचा बाण नसेल तर हत्यार सरकारी मालकीतून खासगी हाती गेले कसे, हा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर कागदावर शोधावे लागते.

पण बाणच नसेल तर? तेवढ्यावरून हत्यार लष्करी नाही असे म्हणता येत नाही. त्या काळी ब्रिटिश अधिकारी आपले पिस्तूल स्वतःच्या पैशाने घेत असत. ते सरकारी काडतूस चालवू शकणारे असावे, एवढीच अपेक्षा असे. अशा खासगी खरेदीच्या हत्यारावर बाण नसतो, मात्र नळीच्या माथ्यावरच्या पट्टीवर विक्रेत्याचे नाव असू शकते, आणि हे नाव म्हणजे संशोधकाला लाभलेले घबाड. लष्करी अधिकाऱ्यांच्या आवडत्या आर्मी अँड नेव्ही सहकारी सोसायटीची स्थापना १८७१ मध्ये लंडनला झाली आणि तिची मुंबईची शाखा १८९१ मध्ये सुरू झाली. काळा घोड्याजवळची आर्मी अँड नेव्ही इमारत आजही उभी आहे, आणि तिच्यावरून जाणाऱ्या कित्येकांना तिथे एके काळी बूट, तंबू आणि चहाबरोबर रिव्हॉल्व्हरही विकली जात हे ठाऊक नसते. या सोसायटीच्या शस्त्रविक्रीच्या नोंदवह्या ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत. पट्टीवर सोसायटीचे नाव असेल तर अनुक्रमांक कळवून तिथे चौकशी करावी. मूळ खरेदीदाराचे नाव मिळण्याची जी थोडी ठिकाणे आहेत, त्यांत हे एक.

तिसरी खूण चाचणीची. इंग्लंडमध्ये खुल्या बाजारात विकायची प्रत्येक बंदूक लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहातून जावी लागे. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. १९०४ ते १९५४ या काळातल्या त्याच्या मोहरांत मुकुटाखाली ‘बीपी’, ‘बीव्ही’ किंवा ‘एनपी’ ही अक्षरे येतात, तर १९५४ नंतर मुकुटाखाली ‘बीएनपी’ दिसते. समजा चौकटीवर १९१७ हे वर्ष, त्यावर सरकारी बाण आणि चक्रावर ‘बीएनपी’ अशा खुणा एकत्र आढळल्या, तर हत्यार १९५४ नंतर इंग्लंडमध्ये बाजारात आलेले होते, आणि मग ते पहिल्या महायुद्धापासून साताऱ्याच्या वाड्यातच आहे ही गोष्ट टिकत नाही. एक छोटी मोहर एवढे करू शकते.

चक्राचा मागचा चेहरा तासून पातळ केलेला दिसला तर ते अमेरिकी .४५ मापाचे काडतूस बसवण्यासाठी केलेले नंतरचे काम. असा फेरफार केलेले हत्यारही बहुधा परदेशी बाजार पाहून आलेले असते.

चौथी खूण पलटणीची. ती मुठीच्या पाठीवर किंवा बुडाशी असते आणि झिजलेली असते. मराठी वाचकाला इथे एक साधे कोष्टक फार उपयोगी पडते. १९२२ पूर्वी मराठा पलटणींचे क्रमांक १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ असे तीन अंकी होते. १९२२ च्या पुनर्रचनेत त्यांची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. त्यात १०३ ची पहिली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी आणि ११७ ची पाचवी बटालियन बनली, तर ११४ ही प्रशिक्षणाची दहावी बटालियन झाली. त्यामुळे तीन अंकी पलटण-क्रमांक दिसला तर ती खूण १९२२ पूर्वी मारलेली, आणि तिरक्या रेघेपुढे पाच असेल (उदाहरणार्थ तिसऱ्या बटालियनचे ३/५) तर नंतरची. मात्र खुणेतला प्रत्येक आकडा पलटणीचा नसतो. तो शस्त्रागारातला हत्यार-क्रमांक असू शकतो, किंवा सर्वस्वी वेगळ्याच पलटणीचा.

अनुक्रमांक चौकटीवर आणि इतर काही भागांवर असतो. ते सर्व जुळतात का ते पाहावे. न जुळल्यास हत्याराची दुरुस्ती होऊन दुसऱ्याचे भाग त्यात आले आहेत असे समजावे. सेवेत राबलेल्या हत्याराच्या बाबतीत हे अगदी स्वाभाविक आहे, त्यामुळे लगेच ‘नकली’ म्हणून निकाल देऊ नये.

नकली ओळखण्याच्या युक्त्या वेगळ्या. वायव्य सरहद्दीवर, विशेषतः दर्रा आदमखेल येथे, वेब्ली आणि एन्फिल्डच्या हुबेहूब नकला हाताने घडवल्या गेल्या. घडवणाऱ्याचा हात विलक्षण, पण अक्षरओळख बेताची, म्हणून चूक उमटते ती लिखाणात. रोमन ‘एन’ उलटा कोरलेला, स्पेलिंग चुकलेले, अक्षरांची ओळ डोंगरघाटासारखी वरखाली जाणारी, किंवा व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरे आणि त्याखाली तिच्या मृत्यूनंतरचे, म्हणजे १९०१ च्या पुढचे वर्ष. असे हत्यार कधीही चालवण्याच्या विचाराने हाती घेऊ नये. संग्रहाच्या दृष्टीने मात्र त्याची हकिगत कारखान्यातल्या वेब्लीहून कमी रंजक नसते, असे माझे मत आहे.

समोरचे हत्यार वेब्ली वा एन्फिल्ड नसून आपोआप भरणारे चपटे पिस्तूल असेल, तर ते युद्धात हाती लागलेले असू शकते. दुसऱ्या महायुद्धात मराठी जवान पूर्व आफ्रिका, इटली आणि ब्रह्मदेश या तिन्ही आघाड्यांवर होते. इटालियन बेरेटावर इसवी सनाशेजारी रोमन आकड्यांत फॅसिस्ट राजवटीचे वर्ष असते, उदाहरणार्थ १९४० सोबत अठरा. जपानी नाम्बूच्या चौदाव्या प्रकारावर सम्राटाच्या कारकिर्दीचे वर्ष व महिना असतो, आणि त्या वर्षात १९२५ मिळवले की इसवी सन मिळतो. म्हणजे १८.५ याचा अर्थ मे १९४३.

माणसापर्यंत पोहोचण्याची वाट

आता दुसरा प्रश्न. समजा घरात अशी हकिगत आहे की पणजोबा ११० व्या मराठा पलटणीत सुभेदार होते, मेसोपोटेमियातल्या कूत-अल-अमाराच्या वेढ्यात लढले आणि हे पिस्तूल त्यांनी तिथून आणले. पलटण खरी आहे. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी कूतमध्ये होत्या. वेढा डिसेंबर १९१५ मध्ये पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. शरण जाण्यापूर्वी तोफा आणि दारूगोळा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून नष्ट केला गेला आणि माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. कैदेत गेलेला सुभेदार कमरेचे सरकारी पिस्तूल घेऊन गावी परत येईल हे मुळातच अवघड, आणि चौकटीवर १९१७ असेल तर अशक्यच. याचा अर्थ पणजोबा कूतमध्ये नव्हते असा नाही. ते असतील आणि पिस्तूल नंतरचे असेल. दोन खऱ्या गोष्टी घरातल्या आठवणीत एकत्र शिवल्या गेल्या, असेच बहुतेक वेळा घडते.

कागदांत सर्वांत जवळचा आणि सर्वांत दुर्लक्षित कागद म्हणजे जुना परवाना. १९५९ च्या कायद्यापूर्वी १८७८ चा कायदा होता, आणि त्याखाली कलेक्टरच्या सहीने दिलेल्या परवान्यांत हत्याराचे वर्णन व क्रमांक लिहिलेला असे. घरातल्या दस्तऐवजांच्या पुडक्यात, वतनाच्या कागदांत, निवृत्तिवेतनाच्या पुस्तकाच्या पाठीमागच्या खिशात हा कागद सापडू शकतो. ज्या परवान्यावरचा क्रमांक पिस्तुलावरच्या क्रमांकाशी जुळतो, तो परवाना दहा हकिगतींना भारी आहे. तो मिळाल्यावर हत्यार कोणत्या साली, कोणाच्या नावे, कोणत्या जिल्ह्यात होते हे तरी पक्के होते.

त्यानंतर माणसाची सेवानोंद. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावी येथे आहे. सैनिकाचा क्रमांक, नाव, गाव, भरतीचे अंदाजे वर्ष आणि आपले नाते स्पष्ट करणारे पत्र तिथल्या अभिलेख कार्यालयाला लिहावे आणि उत्तराची घाई करू नये. केवळ नावावरून शोध घेता येत नाही, कारण एकाच पलटणीत एकाच आडनावाचे आणि नावाचे जवान असत. क्रमांक हवा असेल तर घरातली पदके बाहेर काढावीत. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पिस्तूल मुके राहिले तरी पदक हमखास बोलते.

इंडियन आर्मी लिस्ट या छापील सूचीत ब्रिटिश अधिकाऱ्यांबरोबर सुभेदार आणि जमादार यांचीही नावे असत, आणि तिचे बरेच खंड संगणकावर पाहता येतात. अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात इंडिया ऑफिसच्या दप्तरांत ‘एल-मिल-१४’ या मालिकेत आहेत. पलटणींच्या युद्धदैनंदिन्या लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यूओ ९५’ या मालिकेत मिळतात. त्यांत पिस्तुलाचा क्रमांक मिळण्याची आशा धरू नये, पण कोणत्या दिवशी पलटण कुठे होती हे कळते आणि घरातली तारीख तपासून पाहता येते. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या धुंडाळता येते. मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत असलेल्या महाराष्ट्र राज्य अभिलेखागारात मुंबई सरकारची जुनी दप्तरे आहेत.

शोधताना स्पेलिंगचा घोळ मोठा. जुन्या इंग्रजी कागदांत ‘मराठा’ हा शब्द मधे ‘एच’ आणि पुढे दोन ‘टी’ घालून लिहिलेला असतो, खडकीचे ‘किर्की’ होते, आणि सावंत कधी ‘व्ही’ने तर कधी ‘डब्ल्यू’ने येतात. आजच्या स्पेलिंगने एकही नोंद मिळाली नाही म्हणून नोंदच नाही असे समजून काम सोडलेले लोक मी पाहिले आहेत.

गावातही पाहावे. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने अनेक गावांत ‘या गावातून इतके लोक युद्धावर गेले, त्यांपैकी इतके कामी आले’ अशा मजकुराच्या शिळा बसवल्या. साताऱ्याजवळच्या ज्या अपशिंग्याला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात, तिथली शिळा प्रसिद्ध आहे. त्यावर नावे नसली तरी आकड्यावरून गावाचा सहभाग कळतो, आणि तिच्याजवळ बसलेल्या म्हाताऱ्या मंडळींना विचारले तर कोणाच्या घरात कोणते पदक आहे हेही कळते.

पिस्तुलाच्या सोबतीने आलेल्या वस्तू टाकून देऊ नयेत. चामड्याच्या म्यानावर बनवणाऱ्याचे नाव आणि वर्ष असू शकते. काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे असतील तर ती खडकीच्या कारखान्याची. अर्थात काडतुसांनाही परवाना लागतो, म्हणून त्यांचा उल्लेख जमा करण्याच्या अर्जात करावा.

जपणूक आणि नोंद

परवाना आणि परवानगी यांचे काम झाल्यावर हत्यार चामड्याच्या म्यानात ठेवू नये. चामडे ओलावा धरते आणि कोकणच्या हवेत एका पावसाळ्यात गंज चढवते. पातळ यंत्रतेलाचा हलका हात देऊन ते कोरड्या सुती कापडात, कुलपात ठेवावे आणि म्यान वेगळे ठेवावे. हत्यार शंभर वर्षांहून जुने असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याचा प्रश्न येतो, आणि परदेशातल्या भावाला ते ‘आठवण’ म्हणून पाठवण्याचा विचार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला विचारल्याशिवाय मनातही आणू नये.

शेवटचे काम एका कागदाचे. त्यावर नमुना, वर्ष, अनुक्रमांक आणि सर्व खुणा उतरवाव्यात, आणि प्रत्येक विधानापुढे ते कशावरून लिहिले ते तीनपैकी एका शब्दाने नोंदवावे : ‘खुणेवरून’, ‘कागदावरून’ किंवा ‘ऐकीव’. वरच्या उदाहरणातल्या पिस्तुलाचा कागद असा होईल : ‘वेब्ली मार्क सहा, १९१७ (खुणेवरून). भारतीय सैन्याच्या मालकीचे (खुणेवरून). १९३१ साली पणजोबांच्या नावे परवाना (कागदावरून). कूतहून आणलेले (ऐकीव, वर्ष जुळत नाही).’ चौथी ओळ खोडू नये. पुढे एखाद्या चुलत घराण्यातून कूतच्या कैदेतले पत्र निघाले, तर ते कुठे जोडायचे हे त्या ओळीवरूनच कळेल. या कागदाची एक प्रत परवान्याच्या पुस्तिकेत आणि दुसरी हत्यारापासून दूर, घरातल्या दस्तऐवजांत ठेवावी.